स्केल मॉडेलचा डायोरामा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा पहिला डायोरामा माळ्यावर पडलेल्या एका जुन्या पाटावर झाला. १:३५ स्केलमधली एक जीप, एक चहाची टपरी, घाटाखालचा एक फाटा, साल १९५०च्या आसपासचं. तो पाहून लोकांनी जे विचारलं, आणि अजूनही जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न पुढे येतात. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जिथे संबंध आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नुसतं मॉडेल आणि डायोरामा, यात फरक काय?

जीप जोडून, रंगवून कपाटात ठेवली तर ते मॉडेल. तीच जीप टपरीपुढे उभी केली, बॉनेट उघडं ठेवलं आणि शेजारी एक माणूस डोकं खाजवत उभा केला, की डायोरामा झाला. थोडक्यात, जागा आणि प्रसंग दोन्ही हवेत. एकदोन माणसं आणि तळहाताएवढी जागा असेल तर त्याला व्हिन्येट म्हणतात, पण या नावांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

शब्द जुना आहे. १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर आणि चार्ल्स बूताँ यांनी 'डायोरामा' नावाचं प्रेक्षागृह उघडलं. तिथे भल्यामोठ्या कापडावर रंगवलेल्या देखाव्यावरचा उजेड बदलून पाहता पाहता दिवसाची रात्र केली जाई. हाच दागेर पुढे छायाचित्रणामुळे प्रसिद्ध झाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागात काचेमागे प्राणी-पक्षी त्यांच्या परिसरासकट मांडलेले आहेत, तेही डायोरामेच. मूल सोबत असेल तर तिथला एक तास सत्कारणी लागतो.

२. मग दिवाळीत मुलं किल्ला करतात तो डायोरामाच ना?

हो, आणि बहुतेक मराठी माणसांचा तो पहिला डायोरामा असतो. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, चार दिवस आधी पेरलेले अळीव, पायऱ्यांना गेरू, भुयाराच्या तोंडाशी पणती. डोंगर कसा उभा करायचा, पाणी कुठून वाहील, वाट कशी वळेल, हे सगळं तिथे शिकून झालेलं असतं.

फरक आहे तो प्रमाणात. किल्ल्यावर महाराजांची मूर्ती बुरुजाएवढी, मावळा तोफेपेक्षा उंच आणि पायथ्याला प्लास्टिकची बस. तिथे महत्त्वाप्रमाणे आकार ठरतो आणि त्यात काही चूक नाही. स्केल मॉडेलमध्ये मात्र सगळ्यांना एकच फूटपट्टी लागते.

३. ताई, नवख्याने कुठलं स्केल घ्यावं?

१:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. साडेपाच फुटी माणूस यात साधारण ४८ मिलिमीटरचा होतो, १:४८ मध्ये ३५, १:७२ मध्ये २३ आणि रेल्वेवाल्यांच्या १:८७ मध्ये १९. लष्करी गाड्या आणि माणसं करायची तर १:३५, विमानं करायची तर १:७२ किंवा १:४८. कारण सरळ आहे, त्या त्या स्केलमध्ये त्या विषयाची किटं (घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच) भरपूर मिळतात.

१:३५ हा विचित्र आकडा कुठून आला, असं हमखास विचारतात. जपानच्या टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरी मावतील एवढा तो केला आणि मोजल्यावर प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघालं. पुढे सगळ्यांनी तेच उचललं.

माझं मत विचाराल तर डोळ्यांना चष्मा असेल तर १:३५. घर लहान असेल तर १:७२. दोन्ही असेल, तर चष्म्याचा नंबर बदलून घ्या.

४. खेळण्यातल्या गाडीवर स्केल लिहिलेलं नाही. ती डायोरामात चालेल का?

खरी गाडी किती लांब आहे ते शोधा, खेळणं मिलिमीटरमध्ये मोजा आणि भागाकार करा. ॲम्बॅसडर साधारण ४.३ मीटर लांब, म्हणजे ४३०० मिलिमीटर. तुमच्या हातातली १२० मिलिमीटर भरली तर ४३०० भागिले १२०, म्हणजे जवळजवळ ३६. ती १:३५च्या माणसांशेजारी बेधडक उभी करा. रुंदी आणि चाकंही मोजा. स्वस्त खेळण्यात लांबी एका प्रमाणात आणि उंची दुसऱ्याच, असं सर्रास असतं.

दहा टक्क्यांच्या आतला फरक माणसांमध्ये खपतो, कारण माणसं उंच-बुटकी असतातच. दार, खुर्ची, सायकल यांत तो चटकन दिसतो. मोठ्या स्केलची वस्तू पुढे आणि लहान मागे ठेवली तर उलट खोली वाढल्याचा भास होतो. मागे मोठी ठेवली की सगळं दृश्य बिघडतं.

५. सामान कुठून आणायचं? खूप खर्च येतो का?

खर्च किटाचा. बाकी दृश्य हार्डवेअरचं दुकान, स्टेशनरी आणि स्वयंपाकघर यांतून उभं राहतं. फेविकॉल, एम-सील, प्लास्टर ऑफ पॅरिस, वॉल पुट्टी, बारीक वाळू, काथ्या, लाकडाचा भुसा, जुने टूथब्रश, चहाची चाळणी. वाळलेला चहाचा चोथा म्हणजे झाडाखालचा पाचोळा (आधी प्रश्न २२ वाचा). विकत घ्याच असं म्हणेन ते तीनच गोष्टींना : चांगली धारदार सुरी, टोक टिकणारा एक बारीक ब्रश आणि स्टीलची पट्टी. दहा स्वस्त ब्रश एका चांगल्या ब्रशची जागा घेत नाहीत.

६. थर्माकोलवर स्प्रे मारला आणि डोंगर वितळला! काय चुकलं?

स्प्रेच्या डब्यातला द्रावक थर्माकोल खातो. रबरी सोल्यूशन खातं, फेविक्विकही खातं. थर्माकोलला पाण्यात मिसळणारा फेविकॉलच लावायचा आणि रंग देण्याआधी वर फेविकॉल-पुट्टीचा एक पूर्ण थर द्यायचा. एक टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी तिथे खड्डा पडतो.

त्यापेक्षा घट्ट दाण्याचा इन्सुलेशन फोम मिळाला तर तो घ्या, निळा किंवा गुलाबी असतो. तो सुरीने कापला की कड स्वच्छ येते आणि दाणे घरभर उडत नाहीत. द्रावकाची भीती त्यालाही आहेच. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. मी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येणारे तुकडे जपून ठेवते. गरम तारेने कापणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नसतो.

७. पाया केवढा घ्यावा? आणि मांडणी कशी करायची?

वाटतं त्याच्या निम्मा. माझा पाट फूट बाय सव्वा फूट होता आणि जीप अवघी ९५ मिलिमीटरची. मोकळी जागा भरायला मी विहीर केली, मग बैल, मग कुंपण, आणि शेवटी बघणाऱ्याला जीप शोधावी लागली. दुसऱ्या वर्षी करवत आणून पाट अर्धा कापला. विहीर गेली, बैल गेले, आणि लोक पहिल्यांदा म्हणाले, "अगं, जीप बंद पडलीय वाटतं!"

रस्ता, भिंत, रेल्वे, काहीही पायाच्या कडेला समांतर ठेवू नका. जरा तिरकं घ्या, म्हणजे जग पाटाबाहेरही चालू आहे असं वाटतं. चिकटवण्याआधी सगळं नुसतं मांडून आठवडाभर ठेवा, येताजाता बघा. उभ्याने नव्हे, गुडघ्यावर बसून. त्या जगातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून चूक लगेच दिसते.

८. खरी माती वापरली तर चालेल ना?

चालेल, पण चाळून. आधी पिठाच्या चाळणीतून, मग चहाच्या, शेवटी जुन्या ओढणीच्या कापडातून. तिन्ही पुड्या वेगळ्या ठेवा. त्याआधी माती जुन्या तव्यावर चांगली भाजा, म्हणजे ओल जाईल आणि अंडी-किडे मरतील. (तो तवा परत स्वयंपाकाला नाही.)

लावताना पायावर फेविकॉल फासून माती भुरभुरवायची. वाळली की त्यावर पाण्यात निम्मा फेविकॉल आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ते पाणी ड्रॉपरने सोडायचं. साबण विसरलात तर थेंब मातीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो, आत जातच नाही.

एक अडचण मात्र आहे. खरी माती लहान जगात नेहमी जास्त गडद दिसते, फेविकॉलनंतर आणखीच. म्हणून माती टिकली तरी रंग द्यावाच लागतो. का, ते प्रश्न १२ मध्ये.

९. सह्याद्रीचा कातळ जमत नाही. सगळे व्हिडिओ परदेशी डोंगरांचे!

त्या व्हिडिओंतले डोंगर बहुधा वेगळ्या दगडाचे असतात, टोकदार, उभ्या भेगांचे. आपला दगड लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि घाटात बसच्या खिडकीतून पाहिलंत तर त्या पायऱ्या दिसतातच : उभा काळा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार.

तेच करा. फोमच्या आडव्या पट्ट्या एकावर एक, प्रत्येक थोडी मागे सरकवून. पुढची कड सुरीने न कापता हाताने तोडा, म्हणजे ती खडबडीत येते. वर पुट्टी. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा ओल्या पुट्टीवर दाबला की दगडाचा पोत उमटतो. रंग काळा द्यायचा नाही. राखाडीत थोडा तपकिरी, भेगांत गडद पाणी, कडांवर फिकट राखाडी ब्रश आणि पाणी झिरपतं तिथे काळपट उभे ओघळ. कोकणातला जांभा ही वेगळी गोष्ट आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

१०. झाडं खरी वाटत नाहीत. काय करू?

आधी आकडे बघा. पन्नास फुटी आंबा म्हणजे साधारण पंधरा मीटर. १:७२ मध्ये तो २१ सेंटिमीटरचा होतो आणि १:३५ मध्ये जवळजवळ ४३! आपण सगळे झाडं बुटकी करतो आणि मग ती झुडपं वाटतात. १:३५ मध्ये पूर्ण झाड करूच नका. नुसतं खोड आणि एक खालची फांदी पायाच्या कडेला घ्या, बाकीचं झाड बघणाऱ्याच्या मनात वाढतं.

खोडासाठी बारीक तारांचा जुडगा पिळून फांद्या सोडवत जायच्या, वर फेविकॉल आणि भुसा. वडाच्या पारंब्यांना सुतळीचे सुटे धागे. माडाला जाड कागदाच्या झावळ्या, कात्रीने दोन्ही बाजूंनी चिरलेल्या. त्यातल्या खालच्या दोनतीन वाळून तपकिरी झालेल्या आणि लोंबत्या हव्यात. सगळ्या हिरव्या असतील तर तो माड हॉटेलच्या दारातला.

११. पत्रे, कौलं आणि चिरे यांचं काय?

पन्हाळीच्या पत्र्याला दोन उंचवट्यांत साधारण तीन इंच, ७६ मिलिमीटर अंतर असतं. १:७२ मध्ये ते एक मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातून सहा मिलिमीटरचा आट्यांचा रॉड आणा, त्याच्या आट्या बरोबर एक मिलिमीटरवर असतात. मऊ रबरावर जाड फॉइल ठेवून त्यावरून रॉड लाटण्यासारखा दाबून फिरवा, पत्रा तयार. १:३५ साठी २.२ मिलिमीटर हवं, त्याला सोळा मिलिमीटरचा रॉड चालतो, त्याच्या आट्या दोनवर असतात. एकेक पत्रा वेगळा कापून एकमेकांवर चढवायचा, अख्खं छप्पर एका तुकड्यात नाही. मधेच एखादा नवा, चकचकीत पत्रा घातला की छप्पर खरं होतं.

मंगलोरी कौल साधारण ४१ बाय २३.५ सेंटिमीटरचं, म्हणजे १:३५ मध्ये १२ बाय ७ मिलिमीटरच्या जवळपास. पोस्टकार्डाएवढ्या छपराला दोनशे-अडीचशे कौलं लागतात. एक नीट एम-सीलचं करून सिलिकॉनच्या साच्यात ओता, नाहीतर कंटाळा येऊन पत्र्यांवर याल. (मी आले.)

चिऱ्यासाठी फोमचे ठोकळे कापून जुन्या टूथब्रशचे केस त्यावर उभे टोचायचे, जांभ्याची छिद्रं हुबेहूब येतात. जुन्या भिंतीला वरच्या थरावर काळं शेवाळ. खाली, पागोळ्यांचं पाणी उडतं त्या उंचीपर्यंत, लाल चिखलाचा पट्टा.

१२. अगदी मूळ रंग मिळवून लावला, तरी खेळण्यासारखं का दिसतं?

लांबून बघितलेली वस्तू फिकट दिसते, मध्ये हवा असते म्हणून. ४८ मिलिमीटरचा माणूस आपण हातभर अंतरावरून बघतो, म्हणजे त्याच्या जगात पंधरा-सोळा मीटरवरून. म्हणून रंगात थोडा फिकट पिवळट रंग मिसळायचा. स्केल जितकं लहान तितका जास्त. शुद्ध पांढरा घातला तर रंग खडूसारखा होतो.

शुद्ध काळा तर वापरूच नका. डांबरी रस्ता काळा नसतो, दुपारी बारा वाजता बाहेर जाऊन बघा. राखाडी असतो, मध्ये तेलाचा काळसर पट्टा आणि कडांना आजूबाजूच्या मातीचा रंग. दुसरं कारण चकाकी. मॅट वार्निशचा एक हात दिला की निम्मं खेळणं तिथेच संपतं.

१३. गंज आणि चिखल किती लावायचा? मला थांबताच येत नाही.

सगळ्यांचंच तसं होतं. पहिला वॉश (खाचांत उतरणारा पातळ, गडद रंग) मारल्यावर जो आनंद होतो तो आवरत नाही. माझा नियम असा : प्रत्येक डागाला कारण सांगता आलं पाहिजे. जीपच्या चाकामागे चिखल, कारण चाक उडवतं. दाराच्या खालच्या कडेला गंज, कारण तिथे पाणी साठतं. ड्रायव्हरच्या बाजूची पायरी झिजून चमकते, दुसरीकडची कमी. टपाच्या मधोमध गंज कशाने आला? कारण नसेल तर पुसून टाका.

टपरीच्या छपराला मी तीन ओघळ दिले, तिन्ही खिळ्यांखाली. खिळे अर्धा मिलिमीटरचे, दिसतसुद्धा नाहीत, पण ओघळ तिथूनच सुरू होतात. बघणारे सांगू शकत नाहीत काय आवडलं, पण बराच वेळ बघत उभे राहतात.

क्रम लक्षात ठेवा : मूळ रंग, मॅट नव्हे तर चकचकीत वार्निश (वॉश नीट वाहावा म्हणून), वॉश, कडांवर कोरडा ब्रश (रंग बहुतेक पुसून टाकलेला), मॅट वार्निश आणि सर्वांत शेवटी धूळ-पावडर. पावडरवर परत वार्निश मारलं की ती निम्मी गायब होते.

१४. वॉश मारताना खालचा रंगच उठून आला. असं का?

खाली पोस्टर कलर होता ना? तो वाळला तरी पाण्याने परत सुटतो. खाली ॲक्रिलिकच हवा, तो वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. पोस्टर कलर घरात खूप असतील तर ते शेवटच्या थराला वापरा. तिथे ओल्या बोटाने पुसता येणं हा उलट गुण ठरतो, धूळ दाखवायला छान.

१५. नदी, तळं, डबकं कसं करायचं? रेझिन ओतू का?

डबक्याला रेझिनची गरज नाही. चकचकीत वार्निशचे चारपाच थर पुरतात, प्रत्येक पूर्ण वाळवून.

खोल पाण्याला दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन. माप अचूक, अंदाजाने नाही. एका वेळी तीनएक मिलिमीटरच ओता, जाड थर तापतो, पिवळा पडतो आणि खालचा फोम वितळवतो. तळ आधी पूर्ण रंगवून घ्या, नंतर हात पोचत नाही. आपल्याकडच्या पावसाळी नद्या निळ्या नसतात, पहिल्या थरात मातकट तपकिरीचा थेंब घाला आणि वरचे थर फिकट करत आणा.

आणि गळती. रेझिन पाण्यापेक्षा चिवट असतं आणि रात्रभर वेळ मिळाला की केसाएवढ्या फटीतूनही उतरतं. मी कडेला सेलोटेप लावून, रात्री ओतून झोपले. सकाळी नदी सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर होती, आणि टेबलक्लॉथ अजूनही टेबलाला चिकटलेला आहे. आता कडा सिलिकॉनने बंद करते, चोवीस तास ठेवते, मग आधी साधं पाणी घालून गळती बघते, वाळवते आणि मगच ओतते. हातमोजे घाला. जून ते सप्टेंबर शक्यतो ओतूच नका, हवेतल्या दमटपणाने वर पांढरट साय धरते.

१६. चालू पाऊस दाखवता येतो का?

पडणारे थेंब दाखवू नका. नायलॉनचे दोरे ताणून पाऊस करणारे मी पाहिलेत, ती जाळी वाटते. पावसाने काय केलं ते दाखवा. माती एक छटा गडद, वरच्या बाजू ओल्या चमकत्या, पण टपरीच्या छपराखालची जमीन कोरडी आणि फिकट. त्या दोन रंगांमधली रेघ नेमकी छपराच्या कडेखाली आली की पाऊस पडायला लागतो. मग माणसं : एकजण डोक्यावर पोतं घेऊन पळतोय, शेतात इरलं पाठीवर घेतलेली बाई, आणि सायकल जमिनीवर पडलेली, कारण स्टँड चिखलात रुतला. पत्र्याच्या कडेला पारदर्शक गोंदाचे चारपाच लोंबते थेंब. बस.

१७. काका-मामा, धोतर-नऊवारीतली माणसं १:३५ मध्ये मिळतच नाहीत!

करावी लागतात. परदेशी सैनिकांच्या किटातले पाय आणि धड घ्या, हेल्मेट आणि पट्टे तासून टाका. धोतरासाठी टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा पातळ फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळायचा आणि ओला असतानाच दातकोरण्याने निऱ्या ओढायच्या. टोपी एम-सीलची. पागोट्याला दोरा पिळून गुंडाळला तर शिंपल्यासारखं दिसतं, टिश्यूची पट्टीच बरी. नऊवारी सर्वांत अवघड, कारण काष्ट्यामुळे कापड पायांच्या मधून जातं. आधी दोन्ही पायांना वेगळं गुंडाळा, मग मागचा काष्टा, पदर शेवटी.

सैनिक ताठ उभा असतो, टपरीवरचा माणूस नसतो. गुडघे आणि कंबर कापून थोडी वाकवून परत जोडा. तळवे जमिनीत जरा रुतलेले हवेत. पायाखाली उजेडाची फट दिसली की माणूस हवेत तरंगतो. आणि प्रत्येकजण कुठेतरी बघत असू द्या.

१८. भारतीय विषयाची किटंच नाहीत, मग काय करायचं?

विमानवाल्यांचं बरं आहे. नॅट, हंटर, कॅनबेरा, मिग-२१ ही हवाई दलाने वापरलेली विमानं परदेशी कंपन्यांच्या किटांत मिळतात. रस्त्यावरच्या गोष्टींसाठी डोकं लढवावं लागतं. मी युद्धकाळातल्या विलीज जीपचं किट घेतलं, कारण महायुद्धानंतर अशा 'डिस्पोजल'च्या, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या जीपा आपल्याकडे भरपूर आल्या आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली.

वडापची, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणारी जीप करायची असेल तर जरा थांबा. पश्चिम महाराष्ट्रात आपण जिला वडाप म्हणतो ती पुढच्या काळातली, उंच बॉनेटची किंवा मागे लांब वाढवलेली गाडी. बुटक्या बॉनेटच्या युद्धकालीन किटात बारा माणसं कोंबली तरी ती वडाप होत नाही. उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं असेल तर आणखी काम. किटातलं स्टिअरिंग डावीकडे असतं, कारण गाडी अमेरिकन. डिस्पोजलच्या जीपा तशाच धावत, म्हणून माझीही डावीकडेच आहे, तरी दर वेळी कोणीतरी चूक काढतंच.

१९. काळाची चूक कशी टाळायची?

माझ्या टपरीवर मी हौसेने निळी प्लास्टिकची ताडपत्री घातली होती. पन्नाससालच्या टपरीवर! ती काढून मेणकापडाच्या रंगाची केली. 'एमएच १२' अशा पद्धतीची नंबरपाटी १९८९ नंतरची, त्याआधी वेगळी अक्षरं असत. रस्त्याकडेच्या दगडावर किलोमीटर लिहू नका, मेट्रिक मापांचा कायदाच १९५६चा आहे, पन्नाससालचा दगड मैलांचाच. एसटीही जपून : पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, त्याआधीच्या दृश्यात ती नको.

सोपा उपाय म्हणजे घरातले जुने फोटो. माणसांकडे न बघता त्यांच्या मागे काय आहे ते बघा. तेलाचे डबे, चपला, भिंतीवरची जाहिरात, विजेचा खांब आहे की नाही. तेलाचा चौकोनी डबा साधारण ३५ सेंटिमीटर उंच, १:३५ मध्ये नेमका एक सेंटिमीटर. माझ्या टपरीवर असे चार आहेत, एकाचं स्टूल झालंय.

२०. आत दिवा लावायचा आहे. वायरिंग कठीण असतं का?

नाही. पांढरा एलईडी साधारण तीन व्होल्टचा आणि मोबाइल चार्जर पाच व्होल्टचा. मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर घाला, दिवा मंद आणि दीर्घायुषी राहतो. रंग वॉर्म व्हाइट घ्या, थंड पांढरा घेतला तर चहाच्या टपरीचा दवाखाना होतो. भिंती आतून आधी काळ्या आणि वर पांढऱ्या रंगवा, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपून अख्खी टपरी कंदिलासारखी पेटते. वायर पायाखालून न्यायची तर भोकं जमीन करण्याआधी.

२१. भारतीय रेल्वेचं दृश्य १:८७ मध्ये केलं, पण रूळ अरुंद वाटतात.

बरोबर वाटतात, कारण आहेतच. १:८७ साठी मिळणाऱ्या रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर, ते परदेशी स्टँडर्ड गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १९.३ हवं. बहुतेकजण डोळेझाक करतात. स्थिर दृश्य असेल, गाडी चालवायची नसेल, तर रूळ सुटे करून योग्य अंतरावर चिकटवणं अवघड नाही. गाडीची चाकं मात्र मग रुंद करावी लागतात.

यातून सुटका हवी असेल तर माथेरानची गाडी करा. १९०७ साली सुरू झालेला नेरळ-माथेरान मार्ग दोन फुटी, ६१० मिलिमीटरचा. १:८७ मध्ये सात मिलिमीटर, आणि बाजारात ६.५ मिलिमीटरचा रूळ मिळतो. शिवाय लाल माती, कडा आणि वळणं. चालत्या गाड्यांचा मोठा देखावा बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे.

२२. बुरशी, मुंग्या आणि धूळ यांचं काय करू? डांबरगोळ्या ठेवू का?

डांबरगोळ्या अजिबात नको! त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि किटाचं प्लास्टिक दोन्ही मऊ पडतात. हे फार कमीजणांना माहीत असतं आणि कळतं तेव्हा विमानाचा पंख वाकलेला असतो.

चहाचा चोथा, भुसा, सुकी फुलं पूर्ण वाळवून, भाजून वापरा आणि वर वार्निशने बंद करा. रवा, डाळ, मोहरी असलं खाण्याचं काही टिकाऊ कामात घालू नका, मुंग्यांना प्रमाण कळत नाही, रस्ता कळतो. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ॲक्रिलिकची पेटी पहिल्या दिवशीच करून घ्या, गवतात बसलेली धूळ निघत नाही. ज्या भिंतीला ऊन येतं तिथे ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं.

२३. प्रदर्शनाला गावाहून न्यायचा आहे. वाटेत मोडणार नाही ना?

काहीतरी मोडतंच, म्हणून मोडणारं आधीच सुटं ठेवा. गाडी, माणसं, झाडं यांच्या खाली तारेचा तुकडा खोचून पायाला तेवढंच भोक पाडायचं, म्हणजे ती उपटून डब्यात वेगळी नेता येतात. पाया खोक्यात चारही बाजूंनी फोमने अडकवा, वरून काही टेकू देऊ नका. रेल्वेत डब्याच्या वर सामानाच्या फळीवर नाही, मांडीवर. पिशवीत फेविक्विक, चिमटा, थोडी चाळलेली माती आणि दोन फालतू माणसं ठेवा. मागच्या खेपेला कल्याणला उतरताना चहावाल्याचा उजवा हात हरवला. आता तो कप डाव्या हाताने देतो.